एकोणतिसावा सांधा

सफ्ता ह्रिस्कूचे खांदे, कोपरं, मनगटं, बोटं आणि गुडघे मी तीन वर्षांत अकरा वेळा दाबून पाहिले. तिची मान एकदाही पाहिली नाही. कागदावर मानेला जागाच नव्हती, हे उत्तर मी तिच्या मुलाला दिलं, फादरना दिलं, माझ्या नवऱ्यालाही दिलं. उत्तर खरं आहे. पण ते देऊन माझं मन काही शांत झालेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी आग्लाया. जिल्ह्याच्या इस्पितळात सांध्यांच्या विभागात एकोणीस वर्षं नर्स आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं की संधिवाताची तीव्रता एखाद्या मोठ्या यंत्रात घालून कळत असेल. ती कळते अंगठ्यानं. सांध्यावर अंगठा ठेवायचा आणि आपलं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं. त्याहून जास्त दाबलं तर धडधाकट माणूसही ओरडेल, कमी दाबलं तर खरं दुखणं दडून राहील. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, आणि दोन्ही हातांच्या बोटांची मुळाजवळची दहा न् मधली दहा पेरं. झाले अठ्ठावीस. दुखतात किती ते एका रकान्यात, सुजलेत किती ते दुसऱ्यात. मग रक्त काढून उभ्या नळीत ठेवायचं आणि तासाभरात त्याचा लाल गाळ किती खाली बसतो ते पाहायचं. शेवटी रोग्यापुढे दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ ठेवायची. डावं टोक म्हणजे अगदी उत्तम, उजवं टोक म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आपण कुठे आहोत त्याची खूण रोग्यानं स्वतः करायची.

या चारांतून डॉक्टर एक आकडा काढतात. पाच पूर्णांक एकच्या वर गेला की रोग खवळलेला. दोन पूर्णांक सहाच्या खाली आला की झोपलेला. पावलं या हिशेबात नाहीत, मानही नाही. शहाण्या लोकांनी बसून ठरवलं की अठ्ठावीस पुरेत, आणि बहुतेक वेळा ते पुरतातही. मी त्यांना दोष देत नाही.

सफ्ता पहिल्यांदा आली तेव्हा नोव्हेंबर होता आणि ती सत्तावन्न वर्षांची होती. वरच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावाहून पहाटेच्या बसनं आलेली. काळा रुमाल, काळा कोट, काखेत कापडी पिशवी. कोटाची बटणं तिला काढता येईनात. मी काढून दिली तर म्हणाली, "राहू दे पोरी, बटणं घट्ट शिवलीत. मीच शिवलीत ना."

"मग सोडवायलाही तुम्हीच शिका, मावशी," मी म्हणाले. ती हसली. पिशवीतून तिनं स्वच्छ फडक्यात बांधलेले दोन गोल, पांढरे पाव काढून माझ्या टेबलावर ठेवले. वर क्रूस आणि अक्षरांचा शिक्का उमटलेला. आमच्याकडे चर्चमध्ये पूजेला लागतो तो हा पाव. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, बाकी काही नाही, आणि तो गावात कुणीही करत नाही. एकच बाई करते, शक्यतो विधवा, जिच्याबद्दल कुणी वावगं बोलत नाही. सफ्ताच्या गावात ती बाई सफ्ता होती. त्याआधी तिची सासू होती.

मी पाव उचलून पाहिला. शिक्क्याची एक बाजू फुटलेली होती.

"कणीक सैल राहते," ती खाली बघत म्हणाली. "ही कणीक दगडासारखी मळावी लागते, तरच भट्टीत शिक्का टिकतो. बोटं मुडपत नाहीत ना. सध्या कोपरांनी मळते. दार लावून घेते. कुणी बघितलं तर म्हणतील, सफ्ता पिठाशी मारामारी करतेय."

तिचं सगळं आयुष्य मला या अकरा भेटींत तुकड्या-तुकड्यांनी कळलं, पण सांगण्यासारखं त्यात फार नाही. नवरा लाकूडतोड्या होता, ओंडक्याखाली गेला तेव्हा ती एकतीसची. चौदा वर्षं ती हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती, कारखाना बंद पडला तशी घरी आली. मुलगा स्पेनमध्ये फरशा बसवतो, रविवारी फोन करतो. एक गाय होती, ती धार काढता येईना म्हणून विकली. उरलं काय, तर दर शनिवारची ती कणीक. तेवढी हातून सुटली तर गावात आपण कोण, हे तिला कळत नव्हतं. तिनं तसं शब्दांत सांगितलं नाही. "शिक्का नीट उठला पाहिजे, बाकी काय व्हायचं ते होऊ दे," एवढंच म्हणाली.

मी दाबत गेले. पंधरा सांधे दुखत होते, बारा सुजलेले. ती ओरडत नव्हती. फक्त दुखलं की डावा डोळा मिटायची, आणि मी डोळा मोजत होते. मग तिच्यापुढे रेघ ठेवली.

"यात मी काय करायचं?"

"गेला आठवडा एकंदर कसा गेला, त्याची खूण करायची. इकडे एकदम छान, तिकडे सगळ्यात वाईट."

तिनं दोन्ही तळव्यांत पेन्सिल धरली आणि डाव्या टोकापासून बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर खूण केली. शंभर मिलिमीटरांतले दहा.

"मावशी, कोटाची बटणं आत्ता कुणी काढली?"

"तू."

"मग ही खूण इथे कशी काय?"

"आमच्या शेजारची झाम्फिरा सहा वर्षं अंथरुणात आहे. तिचं सगळं सून करते, शिव्या देत देत." तिनं कोपरानं रेघेच्या उजव्या टोकाकडे दाखवलं. "तिकडची जागा तिची आहे. मी जाऊन बसले तर तिनं कुठे जायचं?"

मी खूप वाद घातला. तिला समजावलं की यानं तुमचाच आकडा कमी होईल. ती बधली नाही. आकडा तरीही सहा आला, कारण रक्त आणि बोटं खोटं बोलत नव्हती.

आमच्या डॉक्टर पंझारू, तरुण बाई, अख्ख्या जिल्ह्याला एकटीच. सरळ बोलणारी, सरळ वागणारी. त्यांनी सफ्ताला सांगितलं की खरं गुणकारी इंजेक्शन आहे, पण ते राजधानीतली समिती मंजूर करते. त्याआधी दोन साधी औषधं घेऊन पाहावी लागतील आणि ती लागू पडली नाहीत हे दाखवावं लागेल. या दाखवण्यात वर्ष गेलं. सफ्ता चार वेळा आली, चार वेळा मी दाबलं, आकडा सहाच्या आसपास हलेना. त्या वर्षात रोग तिच्या शरीरात जिथे जाता येईल तिथे जात होता. मी बोटांवर लक्ष ठेवून होते.

वर्ष संपता संपता इंजेक्शन मंजूर झालं. ज्या दिवशी मी तिला पोटावर टोचून घ्यायला शिकवलं, त्या दिवशी एक चूक केली. सिलियन घड्याळजीची गोष्ट सांगितली.

सिलियन आमचाच रोगी. त्याला हेच इंजेक्शन मिळालं होतं. दर तीन महिन्यांनी फाईल समितीकडे जाते, आकडा पुरेसा उतरला नाही तर औषध बंद. त्याचा थोडा उतरला, पुरेसा नाही. औषध थांबलं. वर्षभरात त्याला घड्याळाचं झाकणही उघडता येईना. मी सफ्ताला हे धाक म्हणून सांगितलं, की इंजेक्शन चुकवू नका, वेळेवर या. तिनं मात्र त्यातून वेगळंच काही घेतलं. तिनं घेतलं की तक्रार केली की औषध जातं.

त्याच आठवड्यात तिनं नवस बोलला. हातांनी पुन्हा ईस्टरची कणीक मळता यावी म्हणून ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात दररोज शंभर दंडवत घालेन, आणि मरेपर्यंत दरवर्षी. आमचा दंडवत म्हणजे उभ्यानं गुडघे टेकायचे, कपाळ फरशीला लावायचं, पुन्हा उभं राहायचं. तिच्या गावच्या चर्चमधल्या फादर इफ्तिमींनी तिला समजावून पाहिलं.

"सफ्ता, देवाला पन्नास पुरतात."

"माझ्या तोंडून शंभर गेलेत, फादर. आता घासाघीस केली तर बरं दिसेल का?"

इंजेक्शननं जादू केली, दुसरा शब्द नाही. सहा महिन्यांत सूज उतरली. ईस्टरनंतर ती आली ती कोटाची बटणं स्वतः काढत, मुद्दाम सावकाश, मला दिसावं म्हणून. टेबलावर पाव ठेवला. शिक्का कोरल्यासारखा उठलेला, एक अक्षर फुटलेलं नाही. मला रडू आलं, मी ते शिंकेत घालवलं.

"दंडवत झाले का सगळे?"

"एक दिवस नाही चुकवला. झाम्फिराची सून म्हणते, सफ्ताला व्यायामाचं वेड लागलंय." मग मी रक्त काढण्यासाठी तिच्या दंडाला पट्टा बांधत असताना ती हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? कपाळ खाली गेलं ना, की मानेतून एक वीज निघते. पाठीतून थेट टाचांपर्यंत. कुंपणाच्या तारेला हात लागावा तशी. वर आलं की जाते."

मी थांबले. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला ते बरं नाही वाटलं. संधिवात मानेच्या वरच्या मणक्यांत शिरतो, तिथले बंध खातो, हे मला ठाऊक होतं, मी त्याचा अभ्यास करून परीक्षा दिली होती.

"डॉक्टरांना सांगा," मी म्हणाले.

"सांगितलं तर आकडा वाढेल?"

"मान आकड्यात नाही."

"मग सांगून उपयोग काय?"

"मावशी, सांगा."

"आणि समितीला वाटलं की इंजेक्शननं नवीन दुखणं काढलं, तर? तुझा घड्याळजी काय म्हणून बसलाय घरी?"

याला मी उत्तर द्यायला हवं होतं. समिती असं करत नाही, हे मला नक्की ठाऊक नव्हतं. समिती काय करते हे आमच्या इस्पितळात कुणालाच नक्की ठाऊक नसतं. आम्ही दोघी आत गेलो. आकडा निघाला दोन पूर्णांक आठ. डॉक्टर पंझारू खूश झाल्या, कागद बाजूला ठेवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "अजून काही?"

सफ्तानं माझ्याकडे पाहिलं. मी फाईलमध्ये पाहिलं.

"नाही," सफ्ता म्हणाली. "देवदयेनं काही नाही."

एवढंच झालं. दोन-तीन सेकंद. मी एरवी तोंडाळ बाई आहे, डॉक्टरांनाही ऐकवते. त्या दिवशी मूग गिळून बसले, कारण टेबलावर तो पाव होता आणि मला तो तसाच यायला हवा होता.

त्यानंतरच्या भेटी मी आता मनात पुन्हा पुन्हा उलगडते, आणि प्रत्येकीत काहीतरी दिसतं. ऑगस्टमध्ये ती चालताना पाय फाकवून टाकत होती, होडीत उभं असल्यासारखी. म्हणाली, चांभारानं बूट बिघडवले. नोव्हेंबरमध्ये तिच्या हातून पेन्सिल पडली, उचलली, पुन्हा पडली. म्हणाली, थंडी फार आहे. शिक्का मारताना लाकडी ठसा हातातून निसटतो असंही म्हणाली, आणि हसली, की आता बोटं सडपातळ झाली ना, धरायची सवय गेली. खूण मात्र दरवेळी तिथेच, दहावर. आणि आकडा दरवेळी खाली. दोन पूर्णांक पाच आला तेव्हा डॉक्टरांनी उठून तिचा हात हातात घेतला.

"सफ्ताबाई, रोग झोपला."

सफ्तानं ताबडतोब तीनदा थू थू थू केलं, डॉक्टरांच्या टेबलावरच, दृष्ट लागू नये म्हणून. डॉक्टर पंझारूंनी रुमालानं कागद पुसला. बाहेर आल्यावर सफ्ता मला म्हणाली, "बाई शिकलेली आहे, पण असं मोठ्यानं बोलू नये हे तिला कुणी शिकवलं नाही."

रोग झोपला होता हे खरंच. पण झोपण्याआधी त्यानं जे खाल्लं होतं ते परत आलं नव्हतं. हे वाक्य मी आता लिहू शकते, तेव्हा मी सुटकेनं हसत होते.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ती शेवटची आली. सोमवारपासून मोठा उपवास लागणार होता. समितीकडे फाईल जाण्याचाही तोच दिवस, दुपारच्या टपालानं. फाईल चुकली असती तर दहा तारखेचं इंजेक्शन आलं नसतं.

मी दाबायला लागले. खांदे. नाही. कोपरं. नाही. मनगटं. नाही. गुडघे. नाही. बोटांवर आले तेव्हा मी तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते. तो मिटला नाही. वीस पेरं झाली, एकदाही नाही. माझं नख पांढरं पडलं होतं, मी जरा जास्तच दाबलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मावशी, मी दाबतेय हे कळतंय ना?"

"दिसतंय की."

मी तिचा उजवा हात उलटा केला. तळव्यावर अंगठ्याखाली भाजलेलं होतं, चांगलं दोन बोटं रुंद, कातडी पांढरी पडून सुटलेली, कडेला लाल.

"हे कधी झालं?"

"काय?"

तिनं हात वर करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "भट्टीच्या पत्र्याला लागला असेल. शनिवारी." मग तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी विसरणार नाही. "बघ पोरी. भाजलं तरी दुखत नाही. एवढं बरं झालंय."

ज्या हातांना विस्तव कळत नाही त्यांना अंगठा कसा कळणार. अठ्ठाविसातले अठ्ठावीस शून्य येत होते ते रोग गेला म्हणून नाही, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नव्हता म्हणून. आणि निरोप कुठे अडला होता तेही मला ठाऊक होतं, कारण तिनंच ते आधीच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या कानात सांगितलं होतं.

त्या क्षणी उठून आतल्या दारावर टकटक करायची होती. मी हिशेब केला. आत्ता बोलले तर डॉक्टर फाईल थांबवतील, मानेचा एक्स-रे फोटो काढायला सांगतील, फोटोची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. टपाल दोन वाजता. इंजेक्शन जाईल, हात पुन्हा सुजतील, ईस्टरची कणीक जाईल. मी ठरवलं, फाईल जाऊ दे. मंगळवारी मंजुरीचा फोन येतो. मंगळवारी डॉक्टरांना सगळं सांगेन. चार दिवसांनी काय बिघडतं.

मी रकान्यात शून्य लिहिलं, दुसऱ्यातही शून्य. भाजल्याच्या जखमेला मलम लावून पट्टी बांधली.

"या वर्षी दंडवत नका घालू," मी म्हणाले. "नुसतं वाकून नमस्कार करा. तोही मान ताठ ठेवून."

"मान ताठ ठेवून नमस्कार? ते फक्त पोलीस करतात."

"मी थट्टा करत नाही. मंगळवारपर्यंत तरी. मला वचन द्या."

"वचन आधीच एकाला दिलंय," ती वर बोट दाखवत म्हणाली. पट्टीवाल्या हातानं तिनं माझ्या गालाला हात लावला. तो हात गार होता. "तू फार काळजी करतेस. खूण करायची राहिली, दे ती रेघ."

तिनं दहावर खूण केली. आकडा आला एक पूर्णांक सहा. आमच्या विभागात इतका सुरेख आकडा त्या वर्षी दुसरा कुणाचाच नव्हता. दोन वाजता फाईल गेली.

मी शनिवारी फादर इफ्तिमींना फोन करायचं म्हटलं आणि केला नाही. काय सांगणार होते त्यांना, की नवस मोडा? रविवारी आम्ही घरी उपवासाआधीचं शेवटचं चीज खाल्लं, पाहुणे आले होते, मी हसले, बोलले. सोमवारी कामावर आले, डॉक्टर दुसऱ्या गावी दवाखाना घ्यायला गेल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये काय झालं ते मला बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि सगळे एकच सांगतात. उपवासाची पहिली प्रार्थना. फादर एक एक ओळ म्हणत होते आणि प्रत्येक ओळीला सगळे खाली जात, वर येत. सफ्ता पुढे, उजवीकडे, खांबाजवळ. एका ओळीला ती खाली गेली आणि वर आली नाही. पुढच्या ओळीला लोक उठले, ती कपाळ टेकून होती. आमच्याकडे दंडवतात असलेल्या माणसाला कुणी हात लावत नाही. तो त्याच्या आणि देवाच्या मधला मामला असतो. मागच्या बाया एकमेकींना कोपरानं खुणावून म्हणाल्या, बघा, हिला भक्ती म्हणतात. झाम्फिराची सून म्हणते तिला तर रडू आलं, इतकं शांत दृश्य होतं ते. प्रार्थना पूर्ण झाली. मेणबत्त्या विझवायला लागले. सफ्ता तशीच होती. मग फादर जवळ गेले आणि वाकले, आणि त्यांना तिचा आवाज ऐकू आला. ती फरशीला तोंड लावून म्हणत होती, "मला उठवा. मला उठवा." केव्हापासून म्हणत होती ते कुणाला ठाऊक नाही.

चौघांनी तिला काखेत धरून उचललं. तसं उचलायचं नसतं. पण हे त्यांना कुणी सांगायचं होतं?

मंगळवारी सकाळी डॉक्टर पंझारूंनी तिच्या मानेचा फोटो उजेडावर धरला. वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकला होता, आणि मधली जागा, जिथून सगळे निरोप जातात, ती बोटाएवढीही उरली नव्हती.

"हे एका रात्रीतलं नाही," त्या म्हणाल्या. "वर्षापूर्वी नुसत्या फोटोत दिसलं असतं. शस्त्रक्रिया करून बांधता आलं असतं. या बाईनं मला कधी काही सांगितलं कसं नाही?"

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी फोटो खाली ठेवला. मी शिव्या ऐकायला तयार होते, त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांनी घेतला, ऐकला, ठेवला.

"समितीचा होता," त्या म्हणाल्या. "ह्रिस्कूचं इंजेक्शन मंजूर. शेरा मारलाय, उत्कृष्ट प्रतिसाद."

सफ्ता तीन आठवडे आमच्या इमारतीतच होती, दुसऱ्या मजल्यावर. शस्त्रक्रियेला फार उशीर झाला होता. मानेखाली काही हलत नव्हतं, काही कळत नव्हतं. आवाज बारीक झाला होता, पण जीभ तीच. मुलगा स्पेनहून आला, पायथ्याशी गुडघे टेकून रडला. ती त्याला म्हणाली, "रडू नकोस, गुडघे चुरगळतील पँटचे." गावातून बातमी आली की ईस्टरचा पाव आता झाम्फिराची सून करणार. ते ऐकून ती म्हणाली, "तिला सांगा, कणीक घट्ट. हात दुखले पाहिजेत."

मी रोज जायचे. तिनं मला कधी काही म्हटलं नाही, आणि मी माफी मागायला तोंड उघडलं की ती विषय बदलायची. शेवटच्या गुरुवारी ती म्हणाली, "आज मोज ना."

"मावशी, कशाला?"

"आकडा बघू. तुमच्या डॉक्टरीणबाईंना आवडतो."

मला नाही म्हणता आलं नाही. मी कागद आणला. खांदा दाबला, कोपर दाबलं, मनगट दाबलं. बोटं एक एक करून दाबली, पांढरी, पातळ, सरळ बोटं, इतकी चांगली तिची बोटं मी कधी पाहिली नव्हती. ती छताकडे बघत होती. शून्य, शून्य, शून्य. अठ्ठावीस झाल्यावर मी थांबले, मग पहिल्यांदाच हात तिच्या मानेखाली घातला. तिथे जाड पट्टा होता. तो मी नुसता धरून राहिले.

"रेघ राहिली," ती म्हणाली.

मी कागद पाटीवर धरून तिच्या डोळ्यांसमोर आणला आणि पेन्सिल डाव्या टोकावर ठेवली. "मी सरकवते. तुमची जागा आली की थांब म्हणा."

मी सरकवायला लागले. दहा आलं, जिथे ती दर वेळी खूण करायची. तिथे मीच जरा थांबले. ती काही बोलली नाही. पेन्सिल पुढे गेली. अर्ध्यावर आली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ते बंद होतं, डोळे पेन्सिलीच्या टोकावर. झाम्फिरासाठी ठेवलेली जागा आली. तिथेही ती गप्प होती. रेघेचं उजवं टोक आलं, त्यापुढे कोरा कागद होता, आणि ती थांब म्हणाली नाही म्हणून मी कागद संपेपर्यंत पेन्सिल नेली.